नौकेसाठी तलाव कोणता?



आजचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून काही मंडळी मनाशी हसली असतील. गिरगावच्या चाळीत सायकल ठेवायला जिन्याखाली जागा मिळत नाही. तिथे नौकेच्या आणि ती कोणत्या तलावात न्यावी याच्या गोष्टी कसल्या सांगता, असे वाटणे साहजिक आहे. पण दादर-परळकडची चार कुटुंबे मिळून मोटार घेतात, सुटीत पवनेच्या काठी तंबू ठोकतात, तापोळ्याला जाऊन तासाच्या हिशेबाने यंत्राची होडी घेतात, हे आपण पाहतोच. त्यांतल्या कुणाला तरी पुढे वाटते, की सोळा-अठरा फुटांची आपली स्वतःची नौका असावी, तिच्यावर चार माणसांना बसता येईल आणि पाऊस आला तर पाठ टेकता येईल अशी छोटी खोली असावी, आणि मोटारीमागे गाडीवर बांधून ती हव्या त्या तलावात उतरवावी. हौस निरुपद्रवी आहे, खर्च वाटून घेता येतो. प्रश्न उरतो तो एवढाच, की तलाव कोणता?

आपल्यापैकी निम्मी मंडळी कोकणातली. समुद्राची भीती आपल्या घराघरांत मुरलेली आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून निघालेली ‘रामदास’ बोट रेवस गाठण्यापूर्वीच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लालबाग-गिरगावात त्या अवसेची आठवण सांगणारी घरे अजून सापडतात. त्या आठवणीतून एक समज मात्र उलटा तयार झाला. खारे पाणी घातकी, आणि तलावाचे गोडे पाणी आपले गरीब गाईसारखे! त्याला भरती नाही, ओहोटी नाही, खडक नाहीत, मोठ्या आगबोटी नाहीत; मग भ्यायचे कशाला?

हा समज आधी दूर करू. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असते. समुद्राच्या लिटरभर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ ग्रॅम, तलावाच्या पाण्याचे १,०००. म्हणजे तीच नौका, तीच माणसे, तेच डबे आणि तीच पाण्याची पिंपे घेऊन तलावात गेलात तर ती थोडी अधिक खोल बसते. फरक फार नाही, बोटभराचा आहे. पण मुंबईचा माणूस सहलीला निघाला की सामान किती घेतो हे ज्याला ठाऊक आहे त्याने तो बोटभर विसरू नये. गोड्या पाण्याचे फायदेही आहेत. लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे नाही, तळाला शिंपले चिकटत नाहीत, लोखंड सावकाश गंजते. पण जीव घ्यायला दोन्ही पाणी सारखेच समर्थ आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण बुडाले. ती मंडळी हौसेने गेली नव्हती, नेहमीच्या वाटेने पलीकडच्या काठाला चालली होती. वैशाखातली संध्याकाळ, वळवाचे ढग आणि मैलोगणती उघडे पाणी, या तिन्हींचा योग जुळला की तलाव काय करतो ते या घटनेत दिसते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. युरोपातला माणूस तलाव निवडतो तेव्हा त्याच्यापुढे निसर्गाने केलेले तलाव असतात. हिमनद्यांनी खोल कोरलेले, बारा महिने जवळजवळ एकाच पातळीवर राहणारे. इंग्लंडातल्या विंडरमिअरच्या काठावरचा धक्का जानेवारीत जिथे असतो तिथेच तो जूनमध्ये असतो. तिथल्या लोकांचे भांडण वेगाबद्दल झाले, आणि २००५ पासून तिथे यांत्रिक नौकांना ताशी दहा मैलांची मर्यादा आली. आपल्या सह्याद्रीत हिमनद्या नव्हत्या. लोणारचे विवर आहे, पण त्याचे पाणी खारे. बाकी आपण ज्यांना तलाव म्हणतो ते जवळजवळ सगळे माणसाने अडवलेले पाणी आहे. विदर्भातले नवेगाव बांधसारखे जुने तलाव कोहळी शेतकऱ्यांनी बांधले, मुंबईभोवतीचे इंग्रजांच्या आणि पुढे आपल्या इंजिनिअरांनी. आणि अडवलेले पाणी कोणीतरी वापरण्यासाठीच अडवलेले असते. ते आश्विनात काठोकाठ असते आणि ज्येष्ठात तळाला गेलेले असते. म्हणून आपल्याकडे तलाव निवडताना पर्यटनाचा नकाशा उघडण्याआधी पातळीचा तक्ता उघडावा, असे आमचे मत आहे.

हा तक्ता तुम्ही सर्वजण वाचता. या दिवसांत तर चहाआधी वाचता. सात तलावांत किती पाणी उरले, दहा टक्के कपात होणार की पंधरा, याची चर्चा नळावर चालते. पण पुढच्या वेळी त्यात टक्क्यांऐवजी मीटर पाहा. भातसा भरून वाहतो तेव्हा त्याची पातळी १४२.०७ मीटर असते आणि जिथपर्यंत पाणी घेता येते ती किमान पातळी १०४.९० मीटर. म्हणजे सदतीस मीटरांचा चढउतार. दादरला बारा मजली इमारत डोळ्यांपुढे आणा. तेवढे पाणी वर्षात वरखाली होते. तानसा मात्र १२८.६३ वरून ११८.८७ पर्यंत, दहा मीटरांच्या आतच उतरतो. वरच्या वैतरणेचा फरक साडेआठ मीटरांचा, विहारचा सहा-सव्वासहाचा. आणि २०१४ साली झालेली मध्य वैतरणा २८५ वरून २२० वर येऊ शकते. पासष्ट मीटर! हे सगळे तलाव एकाच महापालिकेच्या एकाच कोष्टकात एकाखाली एक छापले जातात, पण नौका नेणाऱ्याच्या दृष्टीने त्यांची जात निरनिराळी आहे. उभ्या दरीत बांधलेले धरण खोल उतरते. पसरट खोऱ्यातले कमी उतरते, पण काठ दूर पळतो.

काठ पळतो म्हणजे काय, ते हिशेबाने सांगतो. काठाचा उतार विसास एक असेल तर पाणी दहा मीटर खाली गेले की काठ दोनशे मीटर सरकला. त्या दोनशे मीटरांत काय असते? चिखल. वरून वाळलेला, भेगा पडलेला, आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत घेणारा. नोव्हेंबरात जिथे मोटार मागे घेऊन नौका अलगद पाण्यात सोडली, तिथे एप्रिलमध्ये ती नौका नेण्यासाठी बैलजोडी लागेल. उजनीसारख्या सपाट मुलखात तर उतार दोनशेस एक असा असू शकतो. तिथे पाणी एक मीटरने उतरले तरी तेवढेच अंतर पडते. उजनीच्या साठ्याचे आकडे उन्हाळ्यात उणे का छापतात असे आम्हांला पुष्कळांनी विचारले आहे. उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातले पाणी घ्यायला लागले की हिशेब शून्याखाली जातो, इतकेच. पण नौकेवाल्याने ‘उणे’ हा शब्द वाचला की बेत पुढे ढकलावा हे उत्तम.

बरे, उघडी पडलेली ही जमीन रिकामी नसते. पाणी उतरेल तसतसे शेतकरी तिथे गाळपेर करतात. पुष्कळदा हे तेच लोक, किंवा त्यांची नातवंडे, ज्यांची जमीन धरणात गेली. आपण सुटीचे दोन दिवस नांगर टाकून ज्या हिरव्या काठावर चूल मांडतो, तो काठ म्हणजे कुणाचे तरी चार महिन्यांचे पीक असते. पाण्यात पंप सोडलेले असतात, त्यांच्या नळ्या आणि विजेच्या तारा काठापासून आत गेलेल्या असतात. संध्याकाळी कोळी जाळी लावून जातात, आणि जाळ्याची खूण म्हणून तरंगती प्लॅस्टिकची बाटली सोडतात. ती कचरा समजून जवळून गेलात तर पंख्यात जाळे अडकते. तुमचे यंत्र बंद आणि त्याचा आठवड्याचा चिलापीचा धंदा बुडाला. सकाळी काठावरच्या पहिल्या माणसाला ‘दादा, जाळी कुठं कुठं लावली आहेत?’ एवढे विचारले तर तो हाताने दाखवतो. मुंबईच्या माणसाला रस्ता विचारायचा संकोच वाटतो. पाण्यावर तो सोडावा.

आता प्रत्यक्ष निवड. जवळचे तलाव लवकर आटोपू. विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा, दोन्ही पिण्याच्या पाण्याचे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातले. तिथे आपली नौका जाणार नाही, आणि जाऊ नये. नौकेवर खोली आली की तिच्यात न्हाणीघर आणि शौचकूप आलेच. ते पाणी कुठे जाणार? गिरगावच्या नळाला येणाऱ्या पाण्यावर आपणच सहल काढावी ही कल्पना दुसऱ्या घोटाला नकोशी होते. तानसा, मोडकसागर, भातसा यांनाही हेच लागू. पवई १८९१ ची. तिचे पाणी पिण्यालायक ठरले नाही, म्हणून ती उद्योगांच्या आणि बागांच्या वाट्याला गेली. तिथे गळ टाकून बसणाऱ्या शौकिनांची जुनी परंपरा आहे. पण आज तिथे जलपर्णी आहे, सांडपाणी आहे आणि मगरी आहेत. मगरींची तक्रार आम्ही करत नाही. त्या आपल्या घरी आहेत.

घाट चढला की लोणावळा, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी हे टाटांचे तलाव लागतात. हे पाणी वीज कंपनीचे. लहर आली म्हणून नौका सोडण्याची सोय तिथे नाही. पण या पाण्याशी परळ-लालबागचे नाते काय, ते इथे सांगितले पाहिजे. १९१५ साली खोपोलीला वीज निर्माण होऊ लागली आणि तारांवरून ती परळला आली. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या गिरण्यांत पाळ्या केल्या, त्यांचे माग घाटमाथ्यावरच्या पावसावर फिरले. आणि पुढे मुळशीचे धरण निघाले तेव्हा मावळातल्या पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होते. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, आणि पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. १९२४ पर्यंत झुंज चालली, धरण झालेच. मुळशीचे पाणी आजही पूर्वेला आपल्या नदीच्या वाटेने न जाता बरेचसे पश्चिमेला भिऱ्याकडे खाली सोडले जाते, आणि त्यातून दिवे लागतात ते पुष्कळसे मुंबईचे. आम्ही हे सांगतो ते सहलीचा विरस करण्यासाठी नव्हे. ज्या पाण्याची किल्ली विजेच्या मागणीजवळ असते, त्याची पातळी पाऊस-उन्हाखेरीज मागणीप्रमाणेही हलते, हे नौकेवाल्याला ठाऊक असावे.

पवना (१९७२) मुंबईकरांची लाडकी. तिकोना, तुंग, लोहगड भोवती उभे. देखावा असा की नौका काय, नुसती चटई पुरेल. पण तिथे तंबूंची गर्दी फार, आणि पिंपरी-चिंचवडचे पिण्याचे पाणी याच धरणातून जाते. फाल्गुन-चैत्रात पाणी उतरले की वाघेश्वराचे देऊळ वर येते. तिथे आधी कळस आणि मग भिंती उघड्या पडतात. जी नौका मार्गशीर्षात देवळाच्या वरून निर्धास्त गेली तीच माघाअखेर त्याच्यावर आपटू शकते. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या शिकतात. तलाव चांगला, पण आपल्यासाठी नव्हे. भंडारदरा, म्हणजे १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, आम्हांला पसंत आहे. दिवाळीच्या सुमारास पाणी भरलेले, हवा कोरडी, काठाची वळणे आडोशाची. मात्र प्रवरेच्या कालव्यांची आवर्तने सुरू झाली की पाणी झपाट्याने उतरते, म्हणून पौषानंतर तिकडे फिरकू नये.

आडोशाचा शब्द निघाला म्हणून खोलीविषयी दोन शब्द. शिडाच्या होडीत वारा वाढला की शीड उतरवता येते. खोलीच्या नौकेची खोली हे न उतरवता येणारे शीड आहे. यंत्र बंद पडले की वारा त्या खोलीच्या भिंतीला धरून नौका ढकलतो, आणि तळ उथळ असल्यामुळे पाणी तिला अडवत नाही. म्हणून अशा नौकेला लांबच लांब सरळ उघडे पाणी नको. फाटे फुटलेला, डोंगरांच्या सोंडा आत आलेला तलाव हवा. उघडे पाणी जितके लांब, तितकी लाट मोठी. आणि उथळ पाण्यात ती लाट आखूड व उभी होते, समुद्रावरच्यासारखी लांब डुलत येत नाही. उजनी मोठी, हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी येतात, भिगवणला लोक ते पाहायला जातात. त्यांनी स्थानिक नावाड्याच्या होडीतून सकाळी जावे आणि ऊन चढण्याआधी परतावे. खोलीची नौका तिथे नेऊ नये असे आम्ही स्पष्ट सांगतो.

मग उरतो कोयनेचा शिवसागर. १९६४ साली पुरे झालेल्या १०३ मीटर उंचीच्या धरणामागे हे पाणी तापोळ्यापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर गेले आहे. सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी त्याला फाट्यासारखी मिळतात. दोन्ही बाजूंना जावळीचे जंगल. जाहिरातवाल्यांनी तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणण्याची पद्धत पाडली आहे. जावळीला काश्मीरचे नाव उसने घ्यावे लागावे याचे आम्हांला वाईट वाटते. पाणी अरुंद, वळणावळणाचे, आडोसा दर मैलाला. आमच्या मते छोट्या खोलीच्या नौकेला महाराष्ट्रात याहून योग्य पाणी नाही. मात्र काही गोष्टी पाळल्या पाहिजेत. धरणाच्या भिंतीजवळचे पाणी वर्ज्य आहे. वासोट्याच्या बाजूचे रान कोयना अभयारण्याचे, आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे. तिथे वनखात्याची परवानगी आणि दिवसाउजेडी परतणे या दोन्ही अटी आहेत. नौकेची नोंदणी व तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यान्वये, आणि जलाशय ज्याचा त्याची लेखी परवानगी. हे कागद आधी करावेत. नौका मागाहून घ्यावी. प्रत्येकाला अंगात घालायचे जाकीट हवे, आणि ते घातलेले हवे. खोलीत खिळ्याला टांगलेले जाकीट कोणालाही वाचवत नाही.

तापोळा-बामणोलीचे बोटक्लब आहेत ते स्थानिक मंडळींचे. हे पाणी त्यांच्या घरांवर आणि शेतांवर आले. काही गावे दूर नेऊन वसवली, काही वर सरकली, आणि पलीकडच्या काठाला राहिलेल्यांचा दवाखान्याचा, बाजाराचा रस्ता म्हणजे लाँच. ज्या धक्क्यावर तुम्ही नौका बांधाल तो सहलीचा धक्का नसून एस.टी.चा थांबा आहे असे समजून वागावे. लाँच आली की जागा रिकामी करावी. पहिल्या खेपेस तर आपली नौका नेऊच नये; तिथल्याच नावाड्याबरोबर दोन दिवस फिरावे, त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि त्याला बोलते करावे.

कारण खोलीचा नकाशा, म्हणजे पाण्याच्या खोलीचा, या जलाशयाचा तुम्हांला बाजारात मिळणार नाही. समुद्राचे मिळतात, तलावांचे नाहीत. त्यावर एक तोड आहे. धरण होण्याआधीचे सर्वेक्षण खात्याचे एक इंची नकाशे जुन्या ग्रंथालयांत पाहायला मिळतात. त्यांत आज पाण्याखाली असलेले सारे खोरे कोरडे काढलेले आहे: समोच्च रेषा, ओढे, पायवाटा, देवळे, विहिरी, वाड्या, प्रत्येकीचे नाव. साताऱ्याकडची वर्तमानपत्रे कोयनेची पातळी फुटांत छापतात. भरलेला शिवसागर २,१६३ फुटांवर असतो, आणि मृगाच्या तोंडावर तो शंभर फूट खाली गेल्याची वर्षे आहेत. आजची पातळी २,१३० असेल आणि जुन्या नकाशावर एखादे देऊळ २,१०० च्या रेषेवर असेल, तर देवळाच्या अंगणावर तीस फूट पाणी. कळस पंचवीस फुटांचा असेल तर तुमच्या नौकेखाली पाच फूट. पुढच्या महिन्यात तेवढेही नाही. आम्ही असा एक नकाशा घेऊन बामणोलीच्या एका वयस्क नावाड्यापुढे धरला. त्यांना चष्म्याशिवाय अक्षर दिसेना. ‘वाचा तुम्ही,’ म्हणाले. आम्ही एकेक वाडीचे नाव वाचत गेलो, आणि ते यंत्र मंद करून बोटाने पाण्याकडे दाखवत गेले: इथे चढ आहे, इथे आंब्यांची खोडे अजून उभी आहेत, इकडून बिनधास्त न्या, इथे आमची विहीर.